अक्षरांचा रोख

बंगळूर शहराच्या दक्षिणेस सुमारे ३६ किलोमीटरांवर आनेकल नावाचे तालुक्याचे गाव आहे. कानडीत 'आने' म्हणजे हत्ती आणि 'कल्लु' म्हणजे दगड. हत्ती येथून फार दूरही नाहीत. बन्नेरघट्ट्याचे जंगल ह्याच बाजूला येते. गावात रेशमी साड्या विणणाऱ्यांचे माग आहेत, आणि तालुक्याच्या एका टोकाला, होसूरकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर, इलेक्ट्रॉनिक सिटी ही संगणकांची वसाहत आहे. १९७० नंतरच्या दशकात आर. के. बाळिगा ह्यांच्या कल्पनेनुसार कर्नाटक शासनाच्या कियॉनिक्स ह्या महामंडळाने ती वसविली. तेथे नोकरीस असलेली मराठी माणसे पुष्कळ आहेत. शहरातले घरभाडे परवडत नाही म्हणून त्यांतली काही चंदापूर, अत्तिबेले, आनेकल अशा गावी राहतात. मी त्यांपैकी एक. संगणकाच्या पडद्यावर ज्या चौकटी उघडतात, ज्यांना सारे जग 'विंडो' म्हणजे खिडकी म्हणते, त्या खिडक्या नीट वागाव्यात हे पाहणे हा माझा धंदा. तो धंदा नेमका काय आहे हे मला माझ्या आत्याला बरीच वर्षे समजावून सांगता आले नव्हते. अखेर एके दिवशी दुपारी तिनेच ते मला समजावून सांगितले.

आत्या महाराष्ट्रातील एका जिल्हा न्यायालयात मराठी टंकलेखक होती. तीस वर्षे तिने टंकयंत्र वाजविले. निवृत्तीनंतर ती आमच्याकडे आनेकलला आली तेव्हा तिच्या सामानात आजोबांनी लिहून ठेवलेल्या आठवणींच्या चार वह्या होत्या. त्या टंकलिखित करून घरातल्या सर्वांना वाटावयाच्या, असा तिचा संकल्प. मी तिला संगणक दिला, आणि तिच्या बोटांना सवयीची असलेली टंकयंत्राचीच कळांची मांडणी त्यात घालून दिली. पहिल्या दोन दिवसांत तिचा हात बसला. तिसऱ्या दिवसापासून घरात पाऊस पडल्यासारखा आवाज येऊ लागला.

येथे एक गोष्ट ध्यानात घ्यावयास हवी. शिकलेला टंकलेखक यंत्राकडे पाहत नाही. त्याची दृष्टी डावीकडे ठेवलेल्या मूळ कागदावर असते, बोटे आपले काम करीत असतात आणि यंत्रातला कागद तो ओळीच्या शेवटी घंटा वाजली म्हणजे फार तर एकदा पाहतो. आत्या तशीच वहीवर डोळे ठेवून लिहीत होती. सुमारे दीड पान झाल्यावर तिने मान वर केली तो पडद्यावर तिचे लिखाण नव्हतेच. 'कृपया थांबा' असे शब्द तेवढे तेथे होते, आणि संगणक आपण होऊन बंद होऊन पुन्हा सुरू होण्याच्या तयारीस लागला होता.

काय घडले ते मला लगेच कळले, कारण ह्या प्रकारच्या अपघातांशी माझा जुना परिचय आहे. संगणकातल्या एका प्रोग्रामला स्वतःचे नूतनीकरण करावयाचे होते. त्यासाठी त्याने आत्याच्या लिखाणावर एक लहानशी खिडकी उघडली. तीत दोन बटणे होती, 'आत्ता' आणि 'नंतर'. त्यांपैकी 'आत्ता' हे अगोदरच निवडून ठेवलेले होते. खिडकी उघडताच कळफलकावरील अक्षरे आत्याच्या कागदावर जावयाची थांबली आणि ह्या नव्या खिडकीकडे वळली. तिला अक्षरांचे काही प्रयोजन नव्हते. तिने ती टाकून दिली. परंतु शब्द संपल्यावर आत्याने दोन शब्दांमधली जागा सोडण्यासाठी लांब कळ दाबली, आणि निवडलेल्या बटणावर लांब कळ दाबणे म्हणजे ते बटण दाबणे होय. आत्याने संमती दिली. आपण संमती दिली हे तिला ठाऊकच नव्हते. न्यायालयात आयुष्य घालविलेल्या बाईच्या बाबतीत असे व्हावे, हे मला फार लागले.

ती मात्र रागावली नाही. चष्मा पुसत म्हणाली, "अरे, तीस वर्षं मी यंत्रावर बसले. कागद मी चढवायची, मीच काढायची. यंत्रानं आपण होऊन कागद बदलल्याचं मी कधी पाहिलं नाही. तुमच्या ह्या यंत्रात कागद कोण बदलतो?"

हा प्रश्न माझ्या धंद्यातला मूळ प्रश्न आहे.

टंकयंत्रात कळ आणि कागद ह्यांची गाठ लोखंडाने मारलेली असते. 'क' ची कळ दाबली की तिला जोडलेला दांडा उचलला जातो आणि त्याच्या टोकाचा खिळा समोरच्याच कागदावर आपटतो. दुसरीकडे जाण्याची त्याला सोयच नाही. संगणकात ही गाठ सुटलेली आहे. तेथे कळ दाबली म्हणजे केवळ एक आकडा आत जातो. हा आकडा कोणासाठी आहे, पत्रासाठी की हिशेबासाठी, मित्राला पाठवावयाच्या निरोपासाठी की बँकेच्या परवलीच्या शब्दासाठी, हे त्या कळेला माहीत नसते. माउसचे तसे नाही. माउसने टिचकी मारली म्हणजे पडद्यावरचे एक विवक्षित ठिकाण दाखविले जाते; तो बोट दाखवून बोलणारा आहे. कळफलक डोळे मिटून बोलतो. त्याचे पत्र पत्त्यावाचूनच टपालात पडते, आणि त्यावर पत्ता घालण्याचे काम दुसऱ्या कोणास तरी करावे लागते. एका वेळी पडद्यावर दहा खिडक्या उघड्या असल्या तरी कळफलकाची अक्षरे त्यांपैकी एकीकडेच जातात. त्या एकीकडे, आमच्या भाषेत, 'फोकस' असतो.

मराठीत मी ह्याला 'रोख' म्हणतो. 'त्याच्या बोलण्याचा रोख माझ्याकडे होता' असे आपण म्हणतो ना, तोच हा रोख. रोखीच्या व्यवहारातल्या रोखीशी त्याची गल्लत करू नये. अर्थात हाही हातोहात फिरतो आणि सर्वांनाच हवाहवासा असतो, एवढे साम्य आहे खरे.

रोखाचा प्रश्न फार जुना नाही. डग्लस एंगलबार्ट ह्या अमेरिकन संशोधकाने ९ डिसेंबर १९६८ रोजी सॅन फ्रान्सिस्को येथे माउसचे जाहीर प्रात्यक्षिक दाखविले. पुढल्या दशकात झेरॉक्स कंपनीच्या पालो आल्टो येथील संशोधन-केंद्रात एकमेकींवर अर्धवट पसरलेल्या खिडक्या प्रथम पडद्यावर आल्या, आणि टेबलावर कागद पसरावेत तशा त्या पसरू लागल्याबरोबर 'आता लिहिलेले कोठे उमटावे' हा प्रश्न उभा राहिला. १९८४ साली मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी ह्या संस्थेत रॉबर्ट शायफ्लर व जिम गेटिस ह्यांनी एक्स नावाची खिडक्यांची व्यवस्था रचली. ती रचताना त्यांनी एक शहाणपणाची गोष्ट केली. रोख कसा ठरावा ह्याचा एकच नियम त्यांनी सर्वांवर लादला नाही; तो निर्णय निराळ्या एका प्रोग्रामाकडे, खिडक्यांच्या व्यवस्थापकाकडे, सोपविला. त्यामुळे दोन पंथ निर्माण झाले आणि ते आजतागायत नांदत आहेत.

पहिल्या पंथाचे म्हणणे असे की माउसचा बाण ज्या खिडकीवर असेल तिच्याकडे रोख असावा. दुसऱ्याचे म्हणणे, बाण कोठेही फिरो. माणूस टिचकी मारून निवड करील तेव्हाच रोख बदलावा. पंगतीतल्या वाढप्याचे उदाहरण घ्या. पहिल्या पंथातला वाढपी पळी ज्या पानावर येईल त्या पानात वाढतो. दुसऱ्यातला, ज्याने हाक मारली त्यालाच वाढतो. पहिला झपाझप वाढतो हे खरे. मी स्वतः अनेक वर्षे त्या पंथात होतो, आणि त्याच्या वेगाची गोडी मला ठाऊक आहे. परंतु कोपराचा धक्का लागून माउस दोन बोटे सरकला की कढी भलत्याच्या पानात पडते. वहीवर डोळे ठेवून लिहिणाऱ्या माणसाला तो पंथ कामाचा नाही. मी टिचकीच्या पंथात आलो तो वयोमानाने आलो, असे माझे तरुण सहकारी म्हणतात. म्हणोत.

ह्या दोन्ही पंथांत न बसणारी एक बारीक गोष्ट आहे. मॅकिन्टॉशची आजची प्रणाली नेक्स्ट ह्या कंपनीने १९८९ च्या सुमारास केलेल्या प्रणालीतून निघाली आहे. तीत दोन खिडक्यांना एकाच वेळी मान असतो: एक मुख्य खिडकी आणि दुसरी कळांची खिडकी. आपण लांबलचक लेख लिहीत आहोत आणि त्यातला एखादा शब्द शोधावयाचा आहे, असे समजा. शोधण्याची लहान खिडकी आपण उघडतो. आता अक्षरे लहान खिडकीत पडतात. परंतु शोध चालतो तो मोठ्या लेखात. घरात पूजा असली म्हणजे पूजा यजमानाची आणि तोंड पुरोहिताचे, तसे हे आहे. पुरोहित उठून गेल्यावर यजमान कोण होता ह्याचा विसर पडता कामा नये. ही तुलना ऐकून आत्याने मान डोलविली, आणि पहिल्यांदाच म्हणाली, "मग तू म्हणतोस ते काम बरंच अवघड दिसतं."

अवघड आहे ते येथून पुढे. रोख बदलण्याचा अधिकार कोणाचा? 'फक्त माणसाचा' असे उत्तर चटकन ओठांवर येते; पण तेवढ्याने भागत नाही. आपण शोधण्याची खिडकी मागितली तर रोख तिच्याकडे गेलाच पाहिजे. नव्या पत्राचा कागद मागितला आणि तो समोर आल्यावर पुन्हा टिचकी मारून 'होय, ह्याच कागदावर' असे सांगावे लागले तर माणूस वैतागेल. म्हणजे प्रोग्रामाने कधी कधी रोख घ्यावयासच हवा. आपल्या कृतीचे फळ म्हणून जी खिडकी उघडते तिने तो घ्यावा, आणि स्वतःच्या लहरीने जी उघडते तिने घेऊ नये. माणसाला हा भेद क्षणात कळतो. यंत्राला तो कसा कळावा?

एक्सच्या कर्त्यांनी ह्यावर काढलेली तोड मला आजही सुंदर वाटते. रोख मागणाऱ्या प्रत्येक अर्जावर वेळ घालण्याची त्यांनी सोय केली: ज्या कळेमुळे किंवा टिचकीमुळे हा अर्ज केला आहे तिची वेळ. त्या वेळेनंतर रोख आणखी कोठे गेलेला असेल तर अर्ज निमूटपणे फेटाळला जातो. समजा, आपण चित्रे काढण्याचा एक जडशीळ प्रोग्राम सुरू केला. त्याला उघडावयास वीस सेकंद लागणार. तोवर आपण दुसऱ्या खिडकीत पत्र लिहावयास घेतले. वीस सेकंदांनी तो प्रोग्राम धापा टाकीत येतो आणि रोख मागतो. पण त्याच्या हातातला कागद वीस सेकंद जुना, आणि आपली टिचकी ताजी. पुढे लिनक्सवरच्या खिडक्यांच्या व्यवस्थापकांनी ह्यात भर घातली. माणसाने शेवटची कळ केव्हा दाबली तेही ते पाहू लागले. आत्याला हे फार आवडले. "मुदतबाह्य दावा," ती म्हणाली. "दाखलच करून घ्यायचा नाही."

विंडोज ह्या प्रणालीत आरंभी असा बंधारा नव्हता. कोणत्याही प्रोग्रामाने उठावे आणि पुढे येऊन बसावे, अशी मोकळीक होती. विंडोज ९८ आणि विंडोज २००० पासून तीत बंधन आले. माणूस दुसरीकडे लिहीत असताना एखादा प्रोग्राम पुढे येऊ लागला तर त्याला अडविण्यात येते, आणि त्याच्याऐवजी खालच्या पट्टीवरील त्याचे बटण लुकलुकते. माणसाने शेवटची कळ दाबल्यानंतर किती वेळ ही अटकाव ठेवावयाची त्याची मुदतही प्रणालीत नोंदलेली असते. ती सामान्यतः २०० सेकंदांची असते. ते लुकलुकणारे बटण ही संगणकाच्या जगातील अत्यंत सभ्य वस्तूंपैकी एक आहे, असे माझे प्रामाणिक मत आहे. जुन्या काळी घरात येणारा माणूस ओसरीवर थांबून खाकरत असे. आतल्यांना कळे की कोणी आले आहे. हातातले काम सोडावयाचे की नाही हे ते ठरवीत.

मग आत्याच्या लिखाणावर ती खिडकी आली कशी? तर बंधारा आहे म्हणजे त्याला भगदाडे नाहीत असे नव्हे. नियमाला अपवाद असतात, आणि ते शोधून काढणे हा आमच्या धंद्यातील हुशार मुलांचा छंद आहे. येथे मला एक कबुली दिली पाहिजे. मी नोकरीला नवा असताना मलाही असे एक भगदाड शोधावयास सांगण्यात आले होते. 'आपली सूचना लोकांच्या नजरेतून सुटते, ती समोर आलीच पाहिजे', असा वरून आलेला आग्रह. मी दोन दिवस खटपट करून ते साधले आणि शाबासकी मिळविली. ती सूचना कशाबद्दल होती ते आता मला आठवतही नाही. आपले सांगणे दुसऱ्याच्या हातातील कामापेक्षा महत्त्वाचे आहे, असे प्रत्येक प्रोग्रामाच्या कर्त्याला वाटते. वाटेनाच का, ते ठरविण्याची जागा त्याच्या खुर्चीत नाही एवढेच. लिनक्सच्या जगात २००८ साली क्रिस्टियान होग्सबर्ग ह्यांनी आरंभिलेल्या वेलँड ह्या नव्या व्यवस्थेत तर प्रोग्रामाला रोख आपण होऊन ओढून घेताच येत नाही. त्याने माणसाच्या एखाद्या कृतीतून मिळालेले परवानापत्र आणावयाचे, आणि ते पाहून निर्णय व्यवस्थेने करावयाचा. ह्या कडकपणामुळे पुष्कळ जुने प्रोग्राम अडखळले आणि त्यांचे कर्ते कुरकुरले. माझी सहानुभूती व्यवस्थेकडे आहे.

हा झाला सर्व भाषांचा प्रश्न. देवनागरीत लिहिणाऱ्यांच्या वाट्याला त्यात दोन जादा दुःखे आली आहेत. इंग्रजीतले अक्षर एका फटक्यात पुरे होते. आपली जोडाक्षरे तशी नाहीत. 'स्वातंत्र्य' हा शब्द आपल्याला तीन अक्षरांचा दिसतो. संगणकात तो अकरा चिन्हांनी बनतो, आणि त्यांतली तीन चिन्हे नुसती हलन्ताची असतात. मी स्वतः शासनाने प्रमाण मानलेल्या इनस्क्रिप्ट कळफलकावर लिहितो. तेथे प्रथम 'स', मग हलन्त, मग 'व', असे जावे लागते. हलन्तानंतर रोख पळविला गेला तर पहिल्या खिडकीत लंगडा 'स्' उरतो आणि दुसरीत 'वातंत्र्य' उमटते. जे लोक रोमन अक्षरे दाबून मराठी उमटवितात त्यांची अवस्था आणखी नाजूक. त्यांचा शब्द पुरा होईपर्यंत कच्च्या स्वरूपात तरंगत असतो. मध्येच रोख गेला तर तो कोठे अर्धाच चिकटतो, कोठे समूळ गळून पडतो.

दुसरे दुःख लिपीचे. विंडोजमध्ये पूर्वी प्रत्येक खिडकी आपली लिपी स्वतंत्रपणे लक्षात ठेवी. एका खिडकीत मराठी लिहून दुसरीकडे वळले की तेथे कळफलक मुकाट्याने इंग्रजी होई, आणि ओळभर अगम्य रोमन अक्षरे उमटल्यावर माणसाच्या ध्यानात येई. २०१२ सालच्या विंडोज ८ पासून सर्व खिडक्यांना एकच लिपी असा रिवाज झाला. जुना रिवाज ज्याला हवा असेल त्याला तो मागून घेता येतो. मराठी आणि इंग्रजी दोन्ही लिहिणाऱ्याला ह्यांतला कोणता बरा? मी दोन्ही वापरून पाहिले आहेत आणि दोन्हींना दूषणे दिली आहेत.

चुकून परवलीचा शब्द भलत्या खिडकीत पडल्याचे किस्से आपण सर्वांनी ऐकले असतील. बँकेच्या चौकटीत तो ठिपक्यांनी झाकला जातो. निरोपांच्या चौकटीत तो उघडा पडतो, आणि शेवटची कळ दाबली की पन्नास नातेवाइकांना पोहोचतो. ह्यावर अधिक बोलत नाही. त्याहून गंभीर अशी एक गोष्ट मला सांगावयाची आहे.

आमच्या कार्यालयात माझे एक सहकारी आहेत. ते जन्मतः दृष्टिहीन आहेत. मूळचे विदर्भातले, अस्सल वऱ्हाडी. संगणकावर त्यांचे काम माझ्याहून जलद चालते. पडदा वाचून दाखविणारा एन.व्ही.डी.ए. नावाचा प्रोग्राम ते वापरतात. स्वतः दृष्टिहीन असलेल्या मायकेल करन ह्या ऑस्ट्रेलियन तरुणाने २००६ साली तो लिहावयास घेतला आणि जगाला मोफत दिला. तो मराठीही बोलतो. उच्चार जरा यांत्रिक आहेत, पण समजतात. हा वाचक रोखाच्या मागोमाग चालतो. रोख ज्या खिडकीत, ज्या बटणावर, ज्या ओळीवर जाईल ते तो वाचतो. आपण डोळस माणसे सारा पडदा एकदम पाहतो. रोख हुकला तरी आपले लिखाण मागे कोठेतरी दिसत असते, आणि आपण टिचकी मारून परत जातो. माझ्या सहकाऱ्यांना परत जाण्यासाठी अगोदर आपण कोठे आहोत हे कळावे लागते, आणि ते कळण्याचे साधन रोख हेच आहे.

मी एक प्रोग्राम तयार केला होता. काम पुरे झाले की तो एक खिडकी उघडून 'झाले' असे सांगे, आणि दोन सेकंदांनी ती खिडकी आपोआप मिटे. मला तो सौजन्याचा नमुना वाटत होता. त्यांनी तो दिवसभर वापरला आणि संध्याकाळी माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "भाऊ," ते म्हणाले, "तुमची खिडकी आली की माझं ऐकणं वाक्याच्या मधातच तुटते. ते एक वेळ चालते. पण ती गेली की मी कुठंच नसतो. दार लावून घेता, अन् मला पायरीवर सोडून देता."

ते काय म्हणत होते हे पाहण्यासाठी मी पडदा बंद केला, कानांत ध्वनियंत्र घातले आणि माझाच प्रोग्राम चालवून पाहिला. पहिल्या पाच मिनिटांत मी तीनदा हरवलो. मिटलेल्या खिडकीने रोख परत दिलाच नव्हता. तो जिच्याकडून घेतला तिची नोंद मी ठेवली नव्हती. डोळसांना त्याची गरज भासली नव्हती म्हणून मला ती कधी सुचली नव्हती. कानांत शांतता होती. टॅबची कळ दाबली की काहीतरी बोले; पण ते प्रोग्रामाच्या अगदी आरंभीचे, जेथून मला परत चाळीस पावले चालत यावयाचे होते.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे बसलो. खिडकी उघडण्यापूर्वी रोख कोठे होता ते टिपून ठेवावयाचे आणि मिटल्यावर तेथेच नेऊन पोहोचवावयाचे, एवढे करणे सोपे होते. अर्ध्या तासात झाले. मग त्यांनी विचारले, "अन् ती जागाच गेली असंन तर?" मला प्रथम प्रश्न कळेना. त्यांनी दाखविले. पत्रांच्या यादीत एका पत्रावर रोख आहे. ते पत्र काढून टाकावयाचे आहे. 'नक्की काढू?' असे विचारणारी खिडकी उघडते. होकार दिला की पत्र जाते, खिडकी मिटते. परत जावयाचे कोठे? ज्या ओळीवर होतो ती ओळच उरलेली नाही. माझा प्रोग्राम अशा वेळी यादीच्या माथ्यावर जाऊन उभा राही. तीनशे पत्रांच्या यादीत दोनशे चाळिसावे पत्र काढणाऱ्या माणसाने, म्हणजे, प्रत्येक पत्रागणिक पुन्हा माथ्यापासून खाली उतरावयाचे. आम्ही ठरविले की रोख पुढच्या पत्रावर जावा. पुढचे नसेल तर मागच्यावर. यादीच रिकामी झाली असेल तर यादीच्या शीर्षकावर, आणि वाचकाने 'यादी रिकामी' असे म्हणावे. ह्या तीन ओळींवर आम्ही पुरी दुपार घालविली. माझ्या नोकरीतले ते सर्वांत चांगले काम आहे, असे मी समजतो, आणि डोळस वापरणाऱ्यांपैकी ते कोणाच्याही लक्षात आलेले नाही.

अशा गोष्टींना आता केवळ सौजन्याचा आधार नाही. संकेतस्थळे सर्वांना वापरता यावीत म्हणून वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियम ह्या आंतरराष्ट्रीय संस्थेने डिसेंबर २००८ मध्ये जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली त्यांत रोख दिसलाच पाहिजे, तो कोठे अडकून पडता कामा नये, आणि नुसता रोख येताच भलतेच काही घडता कामा नये, असे स्पष्ट सांगितले आहे. आपल्याकडे २०१६ सालचा दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा आहे, आणि भारतीय मानक ब्युरोने २०२१ मध्ये माहिती-तंत्रज्ञानाच्या सुगम्यतेसाठी आय.एस. १७८०२ हे मानक काढले. कागदावर आपण मागे नाही. ज्याला शंका असेल त्याने आपल्या गावच्या एखाद्या कार्यालयाचा अर्ज माउसला हात न लावता, नुसत्या कळफलकाने, भरून पाहावा. मी आठवड्यातून एकदा हा खेळ खेळतो. पुष्कळदा तिसऱ्या-चौथ्या रकान्याशी रोख अदृश्य होतो, आणि मग तो शोधीत आपण टॅबची कळ दाबीत बसतो, रात्री वीज गेल्यावर चाचपडत काडेपेटी शोधावी तसे.

सहकाऱ्यांना मी एकदा रविवारी घरी जेवावयास बोलाविले. आत्याची आणि त्यांची गट्टी जमली. दोघेही पडद्याकडे न पाहता लिहिणारे. दोघांचाही यंत्रावर जो विश्वास असतो तो आपल्या बोटांइतकाच. जेवणानंतर त्यांनी आत्याला एक युक्ती सुचविली. पडदा वाचणारा प्रोग्राम तिच्या संगणकावर घालावा, पण त्याने अक्षरे वाचू नयेत; रोख बदलला तर तेवढे बोलावे. मी त्याप्रमाणे जुळवून दिले. आत्या म्हणाली, "म्हणजे ही ओळीच्या शेवटची घंटाच की." नूतनीकरण मागणाऱ्या त्या प्रोग्रामाला मी रात्री अकरानंतरची वेळ नेमून दिली आहे, आणि दर मिनिटाला लिखाण आपोआप जतन होईल अशी तजवीज केली आहे. गेलेले दीड पान आत्याने वहीवरून पुन्हा लिहून काढले.

चौथी वही आता निम्म्यावर आली आहे. आजोबा सध्या १९४२ सालात आहेत. माझ्या खोलीतून मला त्या कळांचा आवाज ऐकू येतो, आणि त्यात मधूनमधून गावातल्या मागांचा खडखडाट मिसळतो. आज सकाळी मी सहज डोकावून पाहिले. पडद्याच्या तळाच्या पट्टीवर कसलेसे बटण लुकलुकून लुकलुकून केशरी झाले होते. आत्याचे डोळे वहीवर होते.